कॉलेजच्या मैदानातला उंचवटा

बहारीनमधल्या एका कॉलेजच्या बेसबॉल मैदानात मधोमध मातीचा एक उंचवटा होता. तो मी काढून टाकला.

कोणी सांगितलं नव्हतं. नकाशातही तसं काही लिहिलेलं नव्हतं. बॉबकॅटनं, म्हणजे माती उचलायच्या छोट्या यंत्रानं, उंचवटा खरवडला, माती उचलून नेली, टँकरनं पाणी मारलं आणि वरून रोलर फिरवला. मग लेव्हल मशीन लावून पाहिलं, तर जमीन परातीसारखी सपाट. इतका खूश झालो की बूट काढून अनवाणी त्यावरून चालून आलो. आमच्याकडे खेळपट्टीवर बूट घालून जात नाहीत.

खेळपट्टी! इथंच सगळी गोची आहे. मी सांगली जिल्ह्यातला. आमच्या तालुक्याच्या क्लबात मला ना बॅटिंग यायची, ना बोलिंग. संघात नाव पाहिजे असेल तर रोलर ओढ, अशी कप्तानाची अट होती, आणि मी ती इमानेइतबारे पाळली. त्यामुळे मैदानाच्या मध्यावर काही वर आलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा गडी त्या उंचवट्यावर उभा राहूनच फेकतो, उंचवटा नाही तर खेळ नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी बेसबॉल कधी पाहिलाच नव्हता. कंपनीनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे नव्वदच्या दशकातलं, आखाती युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हाचं. मैदान मात्र जुनं. तेलाच्या मागे आलेल्या अमेरिकनांनी ते पहिल्यांदा आखलं असं सांगत. तिथली जमीन खारी, पांढरी. तिच्यावर गवत सोडा, काटाही रडतखडत येतो. त्यांनी कुठून तरी लाल माती आणली, एका कोपऱ्यात उंच जाळी उभारली आणि लाकडी बाकांच्या पायऱ्या बांधल्या. ते लोक पांगल्यावर तिथं फुटबॉल झाला, हॉकी झाली, शुक्रवारच्या सुट्टीत आपल्या बँकांमधले कारकून टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट खेळून गेले. शेवटी एका खासगी कॉलेजनं जागा घेतली आणि बेसबॉल परत आला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाकांची लाकडं उन्हानं राखाडी होऊन उकलली होती आणि जाळीतून माणूस जाईल एवढी भोकं पडली होती. आमच्या कंपनीनं काम घेतलं ते नव्या लोखंडी पायऱ्या, वर सावलीचं छत, खेळाडूंच्या खोल्या, संडास आणि पाण्याचा निचरा यांचं. मी साइट इंजिनियर. डिप्लोमावाला, पण साइटवर सगळे 'इंजिनियर साब' म्हणायचे आणि मी दुरुस्त करायचो नाही.

खरं तर मला सावध केलं गेलं होतं. बॉबकॅट आणला त्या दिवशी आमचा राजस्थानी फोरमन उंचवट्यापाशी येऊन थबकला.

"साब, इसको मत छेड़ो. ये कब्र लगती है."

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. बहारीनमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या कबरींचे मातीचे ढिगारे रस्त्यालगत मैलोन् मैल पसरलेले आहेत. आमची कामगारांची बस रोज त्यांच्यामधून यायची. पण मी पडलो शास्त्रीय विचारांचा.

"कब्र होती तो नक्शे में दिखाते," मी म्हणालो आणि नकाशा त्याच्यापुढे धरला. मध्यावर एक छोटंसं वर्तुळ होतं. ते मला पाण्याचा व्हॉल्व्ह वाटलं. व्हॉल्व्ह सापडला नाही, तेव्हा तो पूर्वीच कोणी तरी चोरून नेला असणार असं ठरवून मी बॉबकॅटवाल्याला हात केला.

आता माझ्या भीतीचं मूळ सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. त्याच दिवसांत माझी बायको आणि तीन वर्षांची मुलगी बहारीनला येणार होत्या. तोवर मी गुदैबिया नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत नागपूरच्या एका मित्राबरोबर राहत होतो. मागच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा मुलगी दाराआड लपली आणि मला 'काका' म्हणाली. त्या एका शब्दावर मी फॅमिली व्हिसाचा अर्ज केला. अर्जावर कंपनीच्या मुदीरची, म्हणजे मॅनेजरची, सही लागायची. मुदीर बहारीनी. तरुणपणी धंद्यासाठी मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे त्याचं हिंदी थेट भेंडीबाजारचं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला दुसऱ्यांदा बोलायची सवय नव्हती. माझ्या आधीच्या इंजिनियरनं एका गोदामाच्या खांबांचे पाये सरकवून घातले होते. मुदीरनं ते पाहिलं, "कॅन्सल" म्हणाला, म्हणजे व्हिसा रद्द, आणि तो इंजिनियर जेवणाचा डबा साइटवर विसरून विमानात बसला. पासपोर्ट सगळ्यांचे मुदीरच्या कपाटात. माझा अर्जही त्याच्या फाइलमध्ये. "ये काम हँडओव्हर कर, फिर साइन," असं त्यानं मला सांगून ठेवलं होतं.

आणि तिकडे बायकोनं बालवाडीतली नोकरी सोडलीसुद्धा.

रोलर फिरवून चार-पाच दिवस झाले असतील. कॉलेजच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी बाई छत्री घेऊन साइटवर आल्या. मल्याळी, वयानं मोठ्या, सगळे त्यांना चेची, म्हणजे ताई, म्हणत. कॉलेजचे खेळांचे डायरेक्टर, एक अमेरिकन, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले होते. त्यांचा फोन आला होता.

"सर पूछ रहे थे, उनका पिचिंग माउंड ठीक है ना? बाकी कुछ भी तोड़ो, बोले, उसको हाथ नहीं लगाने का."

"कौनसा, चेची?"

"अरे, वो बीच में मिट्टी का ऊंचा है ना? जिसके ऊपर खड़ा होके लड़का बॉल मारता है." त्यांनी छत्रीनंच फेकायची नक्कल करून दाखवली. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "वो खाली मिट्टी नहीं है. जो लड़का कॉलेज छोड़ के जाता है, वो अपने घर का एक मुट्ठी मिट्टी लाके उसमें डालता है. कोई लेबनान का, कोई टेक्सस का, कोई कराची का. मैं भी डाला एक बार, मेरे आंगन का. लड़के लोग ज़बरदस्ती किया."

छताचा अर्धा सांगाडा उभा होता, त्याच्यामुळे त्यांना मैदानाचा मध्य दिसत नव्हता. त्या वाट पाहत उभ्या. मी मान हलवली. आपली मान कशी हलते ते तुम्ही जाणताच: वर नाही, खाली नाही, दोन्ही खांद्यांकडे थोडी थोडी. चेचींनीही तशीच हलवली. अशा रीतीनं दोन माना हलल्या आणि 'सगळं ठीक आहे' हा निरोप अमेरिकेला गेला.

त्या गेल्यावर मी मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. बाहेर एवढं ऊन की लोखंडाला हात लावला तर फोड यावा, आणि माझ्या पाठीतून गार घाम. नुसता उंचवटा असता तर माती मागवून नवा केला असता. पण लेबनान कुठून मागवू? टेक्सस कुठून आणू? आणि चेचींचं अंगण?

मग आठवलं की माती मी फेकलेली नव्हती. काटकसरी माणूस. खेळाडूंच्या संडासामागं सेप्टिक टाकी नुकतीच बसवली होती, तिच्या एका बाजूला भर घालायला माती कमी पडत होती. तिथं ती लोटली होती. देशोदेशीच्या मुलांनी मुठीमुठीनं जमवलेली माती मी संडासाच्या टाकीभोवती भरली होती. टाकी अजून वापरात नव्हती, एवढंच माझं नशीब.

संध्याकाळी खोलीवर हे सगळं मित्राला सांगितलं. तो आमच्याच कंपनीत एसी टेक्निशियन. खोलीत त्याच्या बाजूच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, माझ्या बाजूला गणपतीचं कॅलेंडर; मधल्या स्टोव्हवर दोघांचं वरण. तो कांदा चिरत होता. चिरायचा थांबला.

"म्हणजे तू ते सारं संडासात टाकलं?"

"संडासात नाही रे. टाकीच्या बाजूला."

"मोठा फरक पडला." तो परत चिरायला लागला. "आता काय करतं?"

"काढतो परत. पण फोरमनला कळलं तर मुदीरला कळेल, मुदीरला कळलं तर..."

"कॅन्सल," तो म्हणाला. "वहिनीनं नोकरी सोडली म्हणतं ना बे?"

माझ्या बायकोला तो वहिनी म्हणायचा, वयानं आम्ही सारखे असलो तरी.

"सोडली," मी म्हणालो.

"मंग शुक्रवारी येतो मी संगं. पण खड्ड्यात तू उतरजो. टाकलं तूनं, काढजो बी तूनंच."

त्या आठवड्यात मी घाबरून जगलो, दुसरा शब्द नाही. साइटच्या रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की ती मुदीरची वाटायची, आणि बहारीनमध्ये निम्म्या गाड्या पांढऱ्या. त्या वर्षांत सरकारविरुद्धच्या निदर्शनांमुळे बेटावर एकूणच वातावरण तंग होतं. कधी कुठल्या गावाकडून जळत्या टायरांचा काळा धूर उठायचा, कधी कोपऱ्यावर पोलिसांची जीप उभी असायची. इतर लोक त्या धुराला घाबरत. मला तो दिसायचाच नाही. मी कॉलेजच्या ऑफिसाच्या दाराकडे बघत असायचो, चेची छत्री उघडून निघतात की काय म्हणून. मध्यावरच्या त्या गुळगुळीत जागेवर मी लोखंडाच्या सळयांचा ढीग आणून ठेवला, म्हणजे कोणाला दिसू नये. फोरमननं विचारलं, "साब, सरिया बीच में क्यों?" मी म्हणालो, "सेफ्टी." हा शब्द गल्फमध्ये कुठंही चालतो.

शुक्रवारी सकाळी मी फोनकार्ड घेऊन बूथवर गेलो. बायको तिकडे घराशेजारच्या एसटीडी बूथवर येऊन थांबलेली असायची.

"पासपोर्ट आला हो दोघींचा," ती म्हणाली. "घरमालकांना सांगून टाकलंय. कपाट शेजारच्या आक्कांना दिलं. आता घरात नुसती चटई आहे."

"एवढी घाई कशाला केलीस?"

"घाई? तुम्हीच म्हणालात ना, सही झाली की महिनाभरात. झाली का सही?"

"होईल. इंशाल्ला."

"ते इंशाल्ला बाजूला ठेवा आणि नीट सांगा. तुमचा आवाज असा का येतोय? बरं आहे ना?"

"लाइन खराब आहे."

"लाइनला काय झालंय? मला तुमचं गिळणंसुद्धा ऐकू येतंय." मग पलीकडं खुसपुस झाली आणि मुलगी फोनवर आली. तिला पढवलेलं असणार. "बाबा," ती म्हणाली, "मी विमानात बसल्यावर तुम्ही खाली दिसाल का?"

मी दिसेन म्हणालो आणि कार्ड संपायच्या आत फोन ठेवला.

त्याच दिवशी आम्ही दोघं फावडी घेऊन मैदानावर गेलो. सुट्टी, कुत्रंही नव्हतं. टाकीच्या बाजूला मी खणायला सुरुवात केली. वरचा थर पांढऱ्या रेतीचा, त्याखाली लाल माती. ती पाहिल्यावर मला हुंदका यायचा बाकी होता. मी खालून घमेली भरून द्यायचो, मित्र वरून हातगाडीत ओतून मध्यावर नेऊन टाकायचा. पहिल्या काही खेपा छान गेल्या. मग मी जरा खोल गेलो, छातीपर्यंत. इंजिनियर माणसाला हे सांगायला नको की भरलेल्या मातीत उभा खड्डा खणायचा नसतो, कडेला फळ्या लावायच्या असतात. मी स्वतः कामगारांना त्यावर भाषणं दिलेली. पण डोक्यात पांढरी गाडी, फळ्या कुठल्या सुचायला?

आधी बारीक आवाज आला, साखर पोत्यातून सांडावी तसा. मी वर पाहिलं आणि कड ढासळली. एका श्वासात माती कमरेच्या वर आली आणि पाय कोणी तरी सिमेंटात बसवल्यासारखे झाले. मी हलायला गेलो तर आणखी माती आली. छातीवर एवढा दाब, की ओरडायला आत घेतलेला श्वास बाहेरच येईना. त्या क्षणी मुदीर आठवला नाही, व्हिसा आठवला नाही. मी आता या संडासामागं मरणार, आणि घरी काय म्हणून कळवतील, एवढंच डोक्यात आलं.

"देवा!" एवढं कसंबसं निघालं.

मित्र हातगाडी टाकून धावत आला, पोटावर आडवा पडला आणि त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली. "देवाले कायले बोलावतं बे? मी आहो ना इथं! हालू नको. हालला का गेला." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंड चालू होतं. तो ओढत होता, मी येत नव्हतो, कड भुरभुरत होती.

अशात फाटकातून पोलिसांची जीप आत आली.

सुट्टीच्या दिवशी, त्या दिवसांत, भिंतीमागं दोन माणसं खड्ड्याभोवती. कोणताही पोलीस बघायला आत आलाच असता. पोलीस उंचापुरा, बलुची असावा, उर्दू बोलणारा. त्याचा हात कमरेला होता.

"क्या गाड़ रहे हो यहां?"

"गाड़ नहीं रहे, निकाल रहे हैं," मित्र आडवा पडूनच म्हणाला.

"क्या निकाल रहे हो?"

"मिट्टी."

पोलिसानं हातगाडीत डोकावून पाहिलं. बहारीनमध्ये मातीची चोरी हा गुन्हा त्यानं बहुधा ऐकला नसावा. मग तो माझ्याकडे वळला. "कार्ड दिखाओ."

रेसिडेंट कार्ड माझ्या पँटच्या खिशात होतं आणि पँट मातीच्या आत होती. मी ते सांगितलं. आवाज असा आला की मलाच तो परका वाटला. पोलिसानं वाकून खड्ड्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "या अल्लाह," म्हणाला, जीपमधून फावडं काढलं, आपल्या जोडीदाराला हाक मारली, आणि दोघांनी एका बाजूनं हळूहळू उकरायला सुरुवात केली. मित्रानं माझी मनगटं धरली होती ती शेवटपर्यंत सोडली नाहीत. मी बाहेर आलो तेव्हा एक बूट आतच राहिला; तसाच बसून मी खिशातलं कार्ड काढून दिलं. कार्ड तपासून झालं. पोलिसानं विचारलं, नक्की भानगड काय? मित्रानं सांगितलं, अगदी सगळं. पोलीस हसला नाही. त्यानं मला पाणी पाजलं आणि म्हणाला, "भाई, इतना डर है तो मालिक को बोल क्यों नहीं देते?"

मी मान हलवली. तीच मान.

उरलेली माती आम्ही कडेला उतार देऊन, फळ्या लावून, पुढच्या काही सकाळी कामगारांची बस यायच्या आधी काढली आणि मध्यावर सळयांच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली झाकून ठेवली. आता प्रश्न असा, की उंचवट्याला आकार कसला द्यायचा? मी तो काढताना नीट पाहिलासुद्धा नव्हता. विचारायचं कोणाला? चेचींना विचारलं की भांडं फुटलं. मग मला माझ्या माहितीतले एकमेव उंचवटे आठवले. बसमधून जाताना मी त्या प्राचीन कबरींकडे निरखून पाहू लागलो: चारी बाजूंनी सारखा उतार, वर छान गोलाई. सळया हटवून तसाच केला. पाणी मारून, चोपून, हातानं लिंपून. मागे उभा राहून पाहिलं तर खरंच देखणा झाला होता.

"कबर पाहून खेळाचं सामान बनवतं बे," मित्र म्हणाला. पण त्यालाही काही वेगळं ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी बस आली. फोरमन उतरला, मध्यावर पाहिलं आणि जागच्या जागी उभा राहिला.

"साब," तो हळूच म्हणाला, "वो वापस आ गई."

"काम चालू करो," म्हणालो. पण कामगारांत बातमी पसरली. उखडून टाकलेली कबर रातोरात परत वर आली. त्या बाजूला कोणी डबा खायला बसेना. दुपारी पाहिलं तर उंचवट्याच्या पायथ्याशी कोणी तरी उदबत्ती लावली होती. मी ती उपटली, संध्याकाळी दुसरी. मला कळून चुकलं की ही गोष्ट आता माझ्याजवळ राहायची नाही.

आणि डायरेक्टर आले. मुदीर त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. पुढच्या काचेपाशी फाइल होती, तीच, माझ्या अर्जाची. डायरेक्टर अवाढव्य उंच, सुट्टीनं लालबुंद झालेले. नव्या पायऱ्यांकडे, छताकडे पाहिलंच नाही. सरळ मध्यावर चालत गेले. खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढली, तिच्यातली चिमूटभर माती उंचवट्यावर टाकली. गावाहून आणली असणार. मग वर चढले, पाय उचलून फेकायचा आविर्भाव केला, आणि पुढचा पाय त्या गोलाईवरून असा घसरला की ते साडेसहा फुटी गृहस्थ बसलेच.

मुदीरनं माझ्याकडे पाहिलं.

डायरेक्टर बसल्या बसल्याच माती चाचपू लागले. तळहातावर घेतली, नाकाशी नेली. लाल मातीत पांढरी रेती मिसळलेली होती. "हे कोणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. शांतपणे विचारलं, म्हणून जास्त भीती वाटली.

माझी मान हलू लागली. पण या वेळी ती मी दोन्ही हातांनी थांबवली, खरंच, गालांना हात लावून, आणि सगळं बोलून टाकलं. क्रिकेट, रोलर, टाकी, खड्डा, पोलीस, बसमधून पाहिलेल्या कबरी. मोडक्या इंग्रजीत, मध्येच हिंदीत, शेवटी मराठीतसुद्धा. "माती सगळी इथंच आहे, सर," म्हणालो. "एक मूठ गेली नाही. थोडी वाढलीच असेल."

ते उठले, पँट झटकली, मुदीरला घेऊन गाडीत जाऊन बसले. काचा वर, एसी चालू. मला नुसती त्यांची तोंडं हलताना दिसत होती. मी उन्हात उभा. मुदीरनं फाइल उघडली, त्यातून एक कागद काढला. तो माझा अर्ज असणार. त्याच फाइलमध्ये कॅन्सलचे कोरे कागदही असायचे, सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढं ती चटई आली, कपाट नसलेलं घर. आणि मुलीला आता कोण सांगणार की बाबा खाली दिसणार नाहीत, कारण बाबाच विमानातून परत येतोय?

किती वेळ गेला कोण जाणे. गाडीचं दार उघडलं. आधी डायरेक्टर आले. म्हणाले, हा उंचवटा उखडणारा तू पहिला नाहीस. पूर्वी एका सुट्टीत बाहेरच्या फुटबॉलवाल्यांनी उखडला होता. युद्धाच्या वेळी इथं लष्करी ट्रक उभे राहिले, त्यांनी चिरडला. दर वेळी आम्ही नव्यानं माती जमवत बसलो. जुनी माती परत आणून ठेवलेली मी पहिल्यांदाच बघतोय. "पण आकार भयंकर आहे," म्हणाले. "उद्यापासून तू रोज माझ्याबरोबर इथं असशील. मी सांगेन तिथं हात लावायचा, सांगितलं नाही तिथं लावायचा नाही."

मी "यस सर" म्हणालो, की फक्त तोंड उघडलं, आठवत नाही. माझं सगळं लक्ष मुदीरकडे होतं. तो आला, कागद गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवला, चटका बसला म्हणून अरबीत काही तरी पुटपुटला आणि पेन काढलं. ते पेन कुठं टेकतंय ते मला घामानं दिसेना. सही करून झाल्यावर त्यानं कागद माझ्या हातात दिला, पण आपल्या बाजूचं टोक लगेच सोडलं नाही.

"बीवी को जल्दी बुला," तो म्हणाला. "तेरे को अकेला छोड़ने के लायक तू नहीं है."